वायरलेस दुरुस्ती : केबलमधील घट हिशेबात धरा

नंदुरबारच्या मिरची बाजारात पोत्यासकट वजन होते, पण पैसे बारदान वजा करूनच ठरतात. हा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. वायरलेस सेटच्या दुरुस्तीत मात्र तो हमखास विसरला जातो. या हुनरात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी तो आधी शिकावा. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात सिग्नल मुळातच कमजोर. तिथे सेट बहिरा निघाला तर माणसाचा निरोपच अडतो.

सेट किती बारीक सिग्नल ऐकतो, हे सिग्नल जनरेटरने तपासतात. जनरेटरवर दिसणारा आकडा त्याच्या स्वतःच्या सॉकेटवरचा असतो. तिथून सेटपर्यंत केबल, कनेक्टर आणि अटेन्युएटर आपापला वाटा खातात. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी आणि १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा. सोय अशी की डेसिबलची नुसती बेरीज करायची असते.

घट कशी मोजावी?

१) जनरेटर ० डीबीएमवर ठेवून पॉवर मीटर थेट त्याच्या सॉकेटला जोडा. समजा, मीटर उणे ०.२ दाखवतो.

२) आता मध्ये केबल आणि अटेन्युएटर घालून मीटर दुसऱ्या टोकाला लावा. समजा, उणे ११ आले. फरक १०.८ डेसिबल, हीच घट.

३) चांगल्या वॉकीटॉकीला साधारण ०.२५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५० ओहमवर उणे ११९ डीबीएम सिग्नल पुरतो. तेवढा सेटपर्यंत पोहोचवायचा तर जनरेटर उणे ११९ अधिक १०.८, म्हणजे उणे १०८.२ वर ठेवा. कापड आकसणार हे ठाऊक असल्यावर शिंपी आधीच जास्त कापड मागतो, तसेच हे.

इतका बारीक सिग्नल साध्या पॉवर मीटरला मोजता येत नाही, म्हणून घट मोठ्या सिग्नलवर मोजतात. केबल आणि अटेन्युएटरची घट दोन्हीकडे सारखीच राहते.

चूक दोन बाजूंनी होते. घट धरलीच नाही तर चांगला सेट बहिरा ठरतो आणि गिऱ्हाईक नसलेल्या बिघाडाचे पैसे भरते. दुसरी चूक जास्त वाईट. काही जनरेटरमध्ये घटीचा आकडा भरून ठेवण्याची सोय असते. तो भरल्यावर पडद्यावर केबलच्या टोकावरचा आकडा दिसतो. त्यावर पुन्हा हाताने १०.८ मिळवले तर सेटला दसपटीहून जास्त शक्ती मिळते. मग बहिरा सेटही पास होऊन डोंगरात जातो. म्हणून हिशेब एकाच ठिकाणी करा. आकडा अधिक भरायचा की उणे, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. फ्रिक्वेन्सी वाढली की घट वाढते. आरजी-५८ जातीच्या केबलची १५० मेगाहर्ट्झवरची घट ९०० मेगाहर्ट्झवर दुपटीहून जास्त होते. म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा वेगळा तक्ता लिहून भिंतीवर लावा. केबल किंवा कनेक्टर बदलला की पुन्हा मोजा. टीव्हीचे इनपुट ७५ ओहमचे असते. ५० ओहमच्या जनरेटरला ते जोडण्यासाठी मधे लावायचा जुळवणी पॅड सुमारे ५.७ डेसिबल खातो, तोही बेरजेत घ्या. आणि जनरेटर जोडलेला असताना वॉकीटॉकीचे बोलण्याचे बटण कधीही दाबू नका. सेटची शक्ती उलटी शिरून महागडा जनरेटर जळू शकतो.

पावतीवर केवळ 'सेट ओके' न लिहिता मोजलेला आकडा, फ्रिक्वेन्सी आणि धरलेली घट लिहून द्या. वजनात इमानदार असलेल्या दुकानावर गिऱ्हाईक पुन्हा येते. या धंद्याचे वजन डेसिबलमध्ये होते, एवढाच फरक.