थ्रॉटल थरथरतंय म्हणतेस?

अगं, आधी ती सोल्डरिंग गन बाजूला ठेव. तुझा व्हिडिओ नीट पाहिला. सिम्युलेटरसाठी केलेलं सेसना १७२चं पॅनल झकास जमलंय, मॅग्नेटोची चावी तर अगदी खरी वाटते. पण थ्रॉटल थरथरतंय म्हणून सगळं उचकटायला निघालीस, ते करू नकोस. आई सांगत होती, परवापासून तुझं जेवणात लक्ष नाही. त्रागा करून हातात गन धरलीस की चांगले सांधेही बिघडतात, बाई.

तुझ्या हातापासून इंजिनापर्यंत सिग्नल कसा जातो बघ. आधी लिव्हरचा पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर, मग वायर, मग आर्डुइनो, मग विंडोज आणि सगळ्यात शेवटी सिम्युलेटर. तो कुठे बिघडतोय हे कळेपर्यंत एकही वायर उपटायची नाही. आणि शोध मधूनच सुरू करायचा. सिम्युलेटर बंद कर, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाब, उघडलेल्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल टाइप कर. यादीत तुझा बोर्ड दिसेल, त्याच्या प्रॉपर्टीज उघड, थ्रॉटल अगदी सावकाश ओढ आणि तिथली त्याची पट्टी कशी हलते ते बघ. पट्टी गुळगुळीत सरकली, तर तुझ्या वायरिंगचा काही दोष नाही, घोळ सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये आहे. पट्टीच थरथरली, तर मग पॅनलच्या मागे वळायचं.

पट्टी कशी चुकतेय, ते शांतपणे बघ. पॉटला तीन पाय. कडेच्या एकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड आणि मधला बोर्डच्या अ‍ॅनालॉग पिनला. बोर्ड तो व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यात वाचतो. ग्राउंडची वायर सुटली, तर लिव्हर कुठेही ने, पट्टी एका टोकाला चिकटून राहते, आकडा १०२३च्या आसपास. पाच व्होल्टची सुटली, तर उलट, शून्यावर. आणि मधली सुटली, तर पट्टी आपल्याआप भरकटते, नुसता हात जवळ नेला तरी हलते. म्हणजे कुठली वायर ढिली आहे, हे स्क्रू न काढताच कळतं! मला या कामातलं हेच फार आवडतं.

तुझ्या व्हिडिओत थ्रॉटल एका टोकाला चिकटत नाहीये, थरथरतंय. आता एवढंच बघ, लिव्हर एका ठरावीक जागेवरून जाताना झटका येतो, की हात न लावताही सगळीकडे थरथर आहे? एकाच जागी असेल, तर पॉटच्या आतला पट्टा झिजलाय किंवा त्यात धूळ बसलीय. काँटॅक्ट क्लीनर मारून पॉट बऱ्याच वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. तेवढ्यानं नाही भागलं, तर सरळ नवा घाल. थरथर सगळीकडे असेल, तर आधी ग्राउंडचा सांधा तपास आणि मग ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्याच्यावर १०४ छापलेलं असतं तो, मधल्या पायाची वायर आणि ग्राउंड यांच्यामध्ये बोर्डजवळ लाव. एक-दोन आकड्यांची हालचाल मात्र राहणारच, तिच्यामागे लागू नकोस.

नवा पॉट घ्यायला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलीस, तर नुसतं ‘टेन के दे’ म्हणू नकोस. ‘बी टेन के’ माग. ए छापलेला बहुधा आवाज कमी-जास्त करायचा असतो. त्याच्यावर अर्धी लिव्हर सरकली तरी पॉवर जेमतेम चढते आणि पुढे एकदम उसळते. खात्रीसाठी पॉट मधोमध ठेवून मल्टिमीटर लाव, दोन्ही बाजूंना साधारण पाच किलोओहम आले की तो सरळ वाढणारा. जोडताना मधला पाय चुकून पाच व्होल्टला किंवा ग्राउंडला जाऊ देऊ नकोस. तसं झालं, तर एका टोकाला शॉर्ट होतो आणि बोर्ड विंडोजमधून गायब होतो.

आणि पट्टी छान सरकतेय पण विमान ऐकत नाही, असं निघालं तर? मग एकच हालचाल दोन ठिकाणी लागलीय का ते बघ. नवं यंत्र जोडलं की सिम्युलेटर कधी कधी आपणहून त्याला नेमणुका देऊन मोकळा होतो. मग तुझे पेडल आणि जॉयस्टिकचा पीळ, दोघंही रडर ओढत बसतात. नको असलेली नेमणूक पुसून टाक. टो ब्रेक उलटे लागले असतील, तर पाय न ठेवताही ब्रेक दाबलेले राहतात आणि विमान धावपट्टीवरून हलत नाही. तिथे अक्ष उलटा केला की झालं. लँडिंग लाइटचं बटण वर आणि दिवा बंद, ही तुझी दुसरी तक्रार. तिथे ‘टॉगल’ आज्ञा काढ, चालूसाठी एक आणि बंदसाठी दुसरी अशा वेगळ्या आज्ञा लाव.

रेडिओच्या एनकोडरला दोन खट्‍ केल्यावर आकडा एकदाच बदलतो ना? त्याला काही झालेलं नाही. एका खट्‍मागे किती पायऱ्या, हा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा निवडला गेलाय, तेवढा बदल.

लांबच्या उड्डाणात सगळंच मुकं होतं म्हणतेस, ते बहुधा विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं म्हणून. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद कर. सगळे बोर्ड एकाच साध्या हबवर लटकवलेस, तेही बदल, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब आण.

एका वेळी एकच बदल कर, आणि बदलल्यावर लगेच पट्टी बघ. दोन गोष्टी एकदम केल्यास, तर कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही. आज फक्त थ्रॉटलची पट्टी बघ, झटका कुठे येतो ते मला कळव आणि जेवून घे. मिक्स्चरला हात लावू नकोस, ते बरोबर चाललंय.