दुःखित मन व गांवची कला

पहिलें शमुवेल याच्या 16 व्या अध्यायांतील शौल राजाची हकीकत आमच्या उपदेशक बंधूंनीं मुलांच्या वर्गांत अनेकदां शिकविली असेल. दाविदाच्या वीणेचें नांव निघालें कीं वर्ग आनंदानें संपतो. परंतु त्या ठिकाणीं आणखीही एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. राजाचें मन बिघडलें हें पहिल्यानें त्याच्या चाकरांनीं ओळखलें. त्यांनीं त्याला दोष दिला नाहीं व लांबलचक बोधही केला नाहीं. वाजविणारा शोधून आणूं काय, एवढेंच विचारलें. आमच्या मंडळ्यांत अशा प्रसंगीं काय घडतें, याचा विचार या पाठांत करूं.

बंगलोरच्या निम्हान्स संस्थेनें 2015-16 सालीं देशांतील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें 10.6 जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि विकाराच्या प्रकाराप्रमाणें शेंकडा 70 ते 92 जणांस कांहींच उपचार मिळत नव्हता, असें तींत आढळलें. दोनशें प्रौढांच्या गांवाचा हिशेब वाचकांनीं स्वतःच करावा. आमच्या वसई-विरारकडे तर वाडीची जमीन जाऊन तेथें इमारती उठल्या. पूर्वेच्या पाड्यांतील कुटुंबें सहा सहा महिने वीटभट्टीवर राहतात. मनावर भार येण्यास कारणें थोडीं नाहींत.

आतां आपल्याच पालघर जिल्ह्यांतील एका माणसाची गोष्ट सांगतों. डहाणू तालुक्यांत गंजाड म्हणून गांव आहे. तेथील जिव्या सोमा म्हसे यांचें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. वारली चित्रकलेसाठीं त्यांस 2011 सालीं पद्मश्री मिळाली आणि 2018 सालीं ते वारले. त्यांच्या बालपणाविषयीं असें सांगतात कीं, आई गेल्यावर या मुलानें कित्येक वर्षें बोलणेंच टाकलें. जें सांगावयाचें तें तो धुळींत चित्र काढून सांगे. पाड्यानें त्याला वेडा म्हणून टाकलें नाहीं. चित्रानें तो बोलका झाला, असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु तोंड मिटलें होतें तेव्हां हाताला वाट होती, आणि तें चित्र पाहणारीं माणसें भोंवतीं होतीं. पुढें 1970 नंतरच्या दशकांत भास्कर कुळकर्णी यांच्या प्रयत्नानें हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आलीं व जगभर गेलीं.

मूळची ही कला एकट्यानें करावयाची नव्हेच. लग्नघरीं भिंत शेणानें सारवून तिला गेरू देतात. तांदूळ भिजवून वाटतात, तें पांढरें पीठ पाण्यांत कालवितात आणि बांबूच्या काडीचें टोंक चावून त्याचा कुंचला करतात. सुवासिनी मिळून चौक लिहितात, धवलेरी गाणें म्हणते. एकीचा हात थकला तर दुसरी काडी घेते. चौकांत पालघाट देवी असते, म्हणून ख्रिस्ती घरानें तो चौक सोडला, हें आम्ही समजूं शकतों. परंतु चौकाबरोबर भिंत, गाणें आणि शेजारणींचें एकत्र बसणें हें सर्वच आम्हीं सोडावयास लाविलें, आणि तेथें आमची चूक झाली.

ही चूक आम्हीं स्वतः केली, म्हणून ती लिहितों. सेवेस नुकते लागलों असतां एका पाड्यावरील बाईस आम्हीं सांगितलें कीं, आतां तुमच्या भिंतीवर एकही रेघ नको. तिनें मुकाट्यानें भिंत पुसली. कांहीं वर्षांनीं तिचा तरणा मुलगा भट्टीवर तापानें गेला. बाई दाराशीं बसून राहूं लागली. जेवेना, निजेना, बोलेना. आम्ही तीन महिने जात होतों. प्रार्थना केली, धीर दिला, आणि एकदां तर, लिहावयास लाज वाटते, इतका शोक करणें विश्वासास शोभत नाहीं, असेंही म्हणालों. तिनें मान वर केली नाहीं.

मग शेजारच्या म्हातारीनें आपली भिंत सारवावयास काढली. ती तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन बाईजवळ आली आणि म्हणाली, "बाय, माझा हात कांपतो, तूं जरा रेघ ओढ." बाईनें रेघ ओढली. दुसऱ्या दिवशीं तिनें आपल्या हातानें झाड काढलें. चौथ्या कीं पांचव्या दिवशीं डोक्यावर गांठोडीं घेऊन भट्टीकडे चाललेलीं माणसें काढलीं, आणि त्यांतील एकाकडे बोट दाखवून मुलाचें नांव घेतलें. त्या दिवशीं ती प्रथम रडली. आम्ही तेथेंच उभे होतों. या वेळीं कांहीं बोललों नाहीं.

चित्रांखेरीज दुसरीं कामेंही आहेत. उत्तर कोंकणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनीं लग्नांतील उंबराच्या पाण्याची चाल, घुमटाच्या तालावरील गाणीं आणि लाल लुगडें हीं टिकविलीं. वसईच्या कुपारी लोकांनीं आपली सामवेदी बोलीही राखली. ते रोमन मंडळीचे, आपण दुसऱ्या. परंतु या बाबतींत त्यांच्यापासून शिकण्यास हरकत कसली? हीं गाणीं ज्यांस पाठ आहेत अशा आज्या आतां थोड्या उरल्या, आणि त्यांतील कित्येक चौथ्या मजल्यावरील बंद दाराआड दिवस काढतात. तरुण मुलीनें वही घेऊन आजीपाशीं बसावें, गाणें उतरून घ्यावें, न कळलेला शब्द विचारावा. जिला दिवसभर कोणी हांक मारीत नाहीं, तिला आपण कोणाच्या उपयोगीं पडतों असें वाटणें हें लहान औषध नव्हे.

तसेंच वसईच्या किल्ल्याचें. 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं तो पोर्तुगीजांपासून घेतला. आज तेथील भग्न देवळांत व तटांवर रान माजतें, आणि दुर्गप्रेमी तरुण सुटीच्या दिवशीं जमून तें साफ करतात. बेकार किंवा खिन्न तरुणास अशा कामांत ठरलेली वेळ मिळते, अंगास घाम येतो, आणि एखादे दिवशीं तो गेला नाहीं तर 'कां आला नाहींस?' असें विचारणारें कोणी असतें. (जुन्या दगडांस हात लावण्यापूर्वीं पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र पाहिजे.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें 2019 सालीं 3,000 हून अधिक अभ्यास तपासून, कलेचा मनाच्या व शरीराच्या आरोग्यास उपयोग होतो, असा अहवाल दिला. तथापि कला म्हणजे डॉक्टर नव्हे. शौलाची पुढील हकीकत वर्गांत बहुधा वगळली जाते: दावीद वाजवीत असतांनाच राजानें त्याच्यावर भाला फेंकला. वीणेनें आराम पडे, रोग मुळांतून गेला नव्हता. आम्हीं सांगितलेल्या बाईसही पुढें सरकारी रुग्णालयांत नेलें आणि तिनें वर्षभर गोळ्या घेतल्या. कोणी दिवसेंदिवस जेवीत वा निजत नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल, किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर उपदेशकानें वाट पाहूं नये. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे. त्यावर पैसे पडत नाहींत व मराठींत बोलतां येतें. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसास पोलिसांच्या भयानें घरांत लपवितात, तेंही चूक. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच धरावयाचें असून, त्याची काळजी घेणें सरकारचें कर्तव्य आहे.

ज्या मंडळीस असें काम आरंभावयाचें असेल तिनें बक्षिसें ठेवूं नयेत. ज्याचें मन आधींच खचलें आहे तो हरला तर पुन्हां यावयाचा नाहीं. चित्राचा अर्थ विचारूं नये. रडणाऱ्याचा फोटो काढून कोणास पाठवूं नये. पुढारीपण पाळकाकडे नको, ज्या म्हातारीस रेघ येते तिच्याकडे असावें. खर्च फार नाहीं: गेरू, शेण, दोन शेर तांदूळ. वेळ मात्र जपून निवडावी. भाताची कापणी उरकल्याशिवाय कोणास फुरसत नसते, आणि दिवाळी झाली कीं बरींच कुटुंबें भट्ट्यांवर निघून जातात. मधले थोडेच दिवस हातीं सांपडतात, म्हणून भिंत कोणाच्या घरची घ्यावयाची हें आधींच ठरवून ठेवावें.