उकळले म्हणजे निर्जंतुक झाले काय?

नर्सिंग होममध्ये भांड्यात खळखळ उकळत असलेले चिमटे, कात्र्या पाहिल्या की रुग्णाचे नातेवाईक निर्धास्त होतात. हा भरवसा कितपत खरा आहे, ते शास्त्राच्या आधारे पाहू.

उपकरण धुणे, त्यावरील जंतूंचा नाश करणे आणि ते पूर्ण निर्जंतुक करणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांत धुणे प्रथम. चिमट्याच्या सांध्यात रक्त किंवा पू वाळून राहिला, तर त्याच्या थराआड जंतू सुरक्षित राहतात. उष्णता वा औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून वापर होताच उपकरण उघडून, ब्रशने घासून धुतले पाहिजे.

उकळण्याने बहुतेक जंतू मरतात हे खरे. परंतु धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. शिवाय आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे ९७.५ अंश सेल्सियसवरच उकळते.

यावर उपाय म्हणजे ऑटोक्लेव्ह. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी तो १८७९ साली तयार केला. त्याचे तत्त्व आपल्या घरच्या कुकरचेच : दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. वातावरणापेक्षा दर चौरस इंचास १५ पौंड जादा दाब असताना वाफेचे तापमान सुमारे १२१ अंश होते. या तापमानात निदान १५ मिनिटे ठेवल्यास बीजाणूही मरतात. कापडात गुंडाळलेल्या संचास अधिक वेळ लागतो. मात्र आतली हवा आधी बाहेर गेली पाहिजे. हवा कोंडून राहिली, तर काटा १५ पौंड दाखवील, पण तापमान तेथवर चढणार नाही.

मग प्रत्येक वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालावी काय? तसे नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी यासाठी सोपी वर्गवारी दिली. शरीराच्या आतल्या भागात शिरणारे उपकरण पूर्ण निर्जंतुक हवे. तोंड, घसा यांच्या आतल्या नाजूक त्वचेला लागणाऱ्यास उच्च प्रतीचा जंतुनाश हवा. स्टेथोस्कोपसारखे, केवळ धडधाकट त्वचेला लागणारे उपकरण स्वच्छ करून जंतुनाशकाने पुसले तरी पुरते.

हे काम बहुधा आयाबाई किंवा वॉर्डबॉय यांच्या हाती असते. त्यांना नुसता हुकूम न देता त्यामागचे कारणही समजावून सांगितले पाहिजे. कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि टेबलावर निजलेला रुग्ण चिमटा कसा धुतला हे विचारू शकत नाही.