काळ्या मातीचे पापुद्रे आणि भट्टीची आच

वैशाखात तापीकाठच्या काळ्या शेतात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की त्या मिटतात. रावेर-यावलच्या केळी बागायतदारास या जमिनीचा हा स्वभाव परिचित आहे. तथापि, अशाच जमिनीवर उथळ पाया घेऊन बांधलेल्या शाळेच्या भिंतीस तिरपा तडा गेला, म्हणजे दोष गवंड्याच्या माथी मारला जातो. पुष्कळदा तो मातीच्या स्फटिकरचनेत असतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यातील चिकणमातीचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजांचा होय. सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम व हायड्रॉक्सिल यांचा एक थर, असा त्यांचा पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी असते. काही ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतल्यामुळे पापुद्र्यावर ऋण विद्युतभार राहतो. तो भागविण्यासाठी कॅल्शियम, सोडियम यांचे आयन दोन पापुद्र्यांमध्ये वस्तीस येतात आणि आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात. पाण्याचे दोन थर शिरले, की पापुद्र्यांमधील अंतर जवळजवळ दीडपट होते. सोडियम अधिक असल्यास फुगवटा आणखी वाढतो. चोपण जमिनीचे दुखणे हेच.

शेतीची ती काळी व वस्तीची ती पांढरी, हा जुना भेद या दृष्टीने अर्थपूर्ण वाटतो. आता वस्ती काळीवर सरकली आहे. तेथे ओलाव्याचा चढउतार फारसा पोहोचत नाही अशा, सुमारे साडेतीन मीटर खोलीवर टेकणारे, तळाशी फुगीर खांब रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर मध्ये घालण्याची रीत सिद्ध केली.

उन्हाने पापुद्र्यांमधील पाण्याचा काही भागच जातो. शंभर ते दोनशे अंश सेंटिग्रेडच्या आसपास ते बहुतेक निघून जाते, परंतु माती भिजताच परत येते. पाचशे ते सातशे अंशांच्या दरम्यान मात्र पापुद्र्याच्या अंगभूत हायड्रॉक्सिलचे विघटन होऊन रचना मोडते. म्हणूनच नीट भाजलेली वीट पुन्हा फुगत नाही.

येथे एक धोका उरतो. खानदेशच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीच्या आठशे-नऊशे अंशांच्या आचेत त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना राहतो. पुढे ओल लागताच तो विरून फुगतो आणि भिंतीत बसलेली वीट आतून फुटते. माती चाळून खडे काढावेत, उरलेले बारीक कुटावेत. भट्टीतून काढलेल्या विटा पाण्यात बुडवाव्यात. ग्रामपंचायतीने विटांचा ढीग स्वीकारण्यापूर्वी त्यांतील काही भिजवून चार-आठ दिवस ठेवाव्यात. पांढरा ठिपका असेल तेथे कपची उडते.