ताप आलेल्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा

पावसाळा अर्धा सरला की भिलाईच्या सुपेल्यात डॉक्टरला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. घरात ताप असेल तर ‘प्लेटलेट किती आल्या?’ आणि ताप नसेल तर ‘धुराची गाडी आमच्या गल्लीत कधी येणार?’ दोन्ही प्रश्न काळजीपोटी येतात. पण डेंग्यूच्या बाबतीत ते उशिराचे प्रश्न आहेत. त्यांच्या आधी बरंच काही आपल्या हातात असतं, आणि त्यातलं निम्मं शेजाऱ्याच्या हातात असतं.

भिलाईला हे नव्यानं सांगायची वेळ येऊ नये. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये खुर्सीपारपासून सुरू झालेली डेंग्यूची साथ साऱ्या शहरानं पाहिली. मृत्यूंचा आकडा दोन अंकी झाला, त्यात लहान मुलंही होती. सेक्टर ९ चं रुग्णालय, सुपेल्याचं लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय, दुर्गचं जिल्हा रुग्णालय, सगळीकडे तापाच्या रुग्णांची रीघ लागली होती. त्या वर्षी ज्यांना डेंग्यू झाला त्यांच्यापैकी अनेक जण आज म्हणतात, ‘आम्हाला होऊन गेलाय, आता भीती नाही.’ हा समज धोक्याचा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारानं आजारी पडलेल्याला त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून मिळत नाही. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून २०१८ चे रुग्ण असलेल्यांनी ताप आल्यावर डॉक्टरला पहिल्याच भेटीत तसं सांगावं.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. ‘आमचं घर लख्ख असतं’ असं सांगणारी घरं मी रोज पाहतो. ते खरंही असतं, पण त्याच घराच्या खिडकीला मे महिन्यातला कूलर लटकलेला असतो आणि तळाशी चार बोटं पाणी असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यामुळे कूलर नाही असं घर विरळा. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तो बंद होतो, पण कोणी रिकामा करत नाही. मग पावसाचं पाणी त्यात भर घालतं. मादी पाण्यात अंडी टाकत नाही, ती पाण्याच्या कडेला, ओल्या भिंतीवर चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात. अळीपासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. कूलरची टाकी आतून ब्रशनं घासायची, उन्हात वाळवायची आणि गवताच्या ताट्या काढून ठेवायच्या. आठवड्यातून एकदा हे केलं तर अळीला डास होण्याइतका वेळच मिळत नाही. ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळा असं सांगतात ते याच हिशेबानं.

कूलर झाला की छतावर चढा. टाकीचं झाकण तडकलेलं असतं किंवा वाऱ्यानं उडालेलं असतं. पक्ष्यांसाठी ठेवलेलं सकोरं, मनीप्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, अंगणातली करवंटी, बांधकामावरचं पाण्याचं टाकं, जी. ई. रोडवरच्या पंक्चरच्या दुकानांबाहेरची टायरची चळत, या सगळ्या जागा एडिसच्या आवडीच्या. टायरमधलं पाणी काढणं फार जिकिरीचं असतं, म्हणून टायर छपराखाली ठेवणं किंवा ताडपत्रीनं झाकणं हाच उपाय. जे पाणी ओतून देता येत नाही त्यासाठी महापालिकेचे कर्मचारी टेमीफॉस हे अळीनाशक टाकतात, मोठ्या टाक्यांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडतात. त्यांना अडवू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या वस्तीत नळ वेळेवर येत नाही तिथली बाई ड्रम भरून ठेवणारच. तिला ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं अन्यायाचं आहे. तिला घट्ट बसणारं झाकण किंवा तोंडाला बांधायला जाड कापड हवं, आणि नळाला ठरल्या वेळी पाणी हवं. पाणीपुरवठा नियमित असणं ही डासनिर्मूलनाचीच बाब आहे, आणि तिची मागणी नगरसेवकाकडे धुराच्या गाडीपेक्षा जास्त जोरानं व्हायला हवी. धूर हवेत उडणाऱ्या डासांपैकी काहींना मारतो, कूलरमधल्या अळ्यांना त्याचा काहीही त्रास होत नाही. रुग्ण सापडलेल्या घराभोवती फवारणी उपयोगी पडते, पण तीच मुख्य उपाय मानली की बाकीची कामं राहून जातात.

एडिस फार लांब उडत नाही. साधारण शंभर-दोनशे मीटरच्या टापूत त्याचं आयुष्य जातं. म्हणजे तुमच्या मुलाला चावणारा डास बहुधा तुमच्या, डाव्या-उजव्या शेजाऱ्याच्या किंवा मुलाच्या शाळेतल्या पाण्यात जन्मलेला असतो. मग एका वस्तीतला आजार दुसरीकडे पोहोचतो कसा? तो डासाच्या पंखांवर जात नाही, माणसांच्या अंगातून जातो. भिलाईची घडण पाहा. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली. रेल्वेरुळांच्या एका अंगाला कंपनीनं आखीव सेक्टर वसवले, दुसऱ्या अंगाला सुपेला आणि आसपासच्या वस्त्या आपापल्या परीनं वाढल्या. विदर्भातून आलेली आपली मराठी कुटुंबं दोन्हीकडे आहेत. सेक्टरची देखभाल कंपनीकडे आणि इकडची महापालिकेकडे, असा कारभार वाटलेला आहे. पण सुपेल्यातल्या बाया सेक्टरमध्ये कामाला जातात, मुलं तिकडे शिकायला जातात, पुरुष पाळीला जातात आणि सगळे संध्याकाळी परत येतात. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी विशेष. त्यामुळे लागण शाळेच्या वर्गात, दुकानात, कामाच्या जागी कुठेही होऊ शकते. शाळांनी आणि दुकानदारांनीही कोरडा दिवस पाळायला हवा.

आता शीर्षकातली गोष्ट. डास जन्मतः निरोगी असतो. डेंग्यूचा विषाणू त्याला माणसाकडूनच मिळतो. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत, आणि ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या काळात चावलेल्या मादीच्या शरीरात तो आठ-बारा दिवस वाढतो आणि मग ती उरलेलं आयुष्यभर दुसऱ्यांना आजार देऊ शकते. ती एका दमात पोट भरत नाही. हात हलवला की उडते आणि शेजारी बसलेल्याला चावते. एका घरातली दोन-तीन माणसं एकाच आठवड्यात आजारी का पडतात, त्याचं हेच कारण. म्हणून तापाच्या रुग्णाला भर दुपारीही मच्छरदाणीत झोपवा. मच्छरदाणी आपण रात्री लावतो, कारण आपल्याला मलेरियाची सवय आहे. डेंग्यूत ती दिवसा लागते, आणि ती रुग्णापेक्षा इतरांसाठी जास्त असते. रिपोर्ट येण्याची वाट पाहू नका. या मोसमात आलेला प्रत्येक ताप पहिले पाच दिवस डेंग्यूच समजून वागा. मच्छरदाणी नसेल तर अंगभर कपडे, डास पळवणारं मलम आणि खिडक्यांना जाळी.

डेंग्यूची लागण झालेल्या बऱ्याच जणांना ताप येतच नाही किंवा किरकोळ कणकण येऊन जाते. तीही माणसं डासाला विषाणू देऊ शकतात. त्यांना मच्छरदाणीत घालणं शक्य नाही. त्यामुळे कूलर घासण्याला पर्याय उरत नाही.

तापाच्या घरात काय करायचं, तेही सांगतो. ताप आणि अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल. दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचं अंतर आणि मुलांना वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे अंग फार दुखतं म्हणून दुकानातून गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद न करता आपल्या डॉक्टरला विचारावं. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही तपासणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम. मलेरियाचीही तपासणी सोबत करावी, विशेषतः बस्तरकडून परतलेल्यांनी. पाणी भरपूर द्या. ओआरएस, ताक, लिंबूपाणी, नारळपाणी, आणि आपल्या छत्तीसगढी शेजारणी देतात तो पसिया, म्हणजे भाताची पेज, हे सगळं उत्तम. रुग्णाला दर चार-सहा तासांनी लघवी होते आहे ना, हे पाहत राहा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरला विचारून ठरवा. पपईच्या पानांचा रस आणि शेळीचं दूध यांसाठी रात्री-बेरात्री धावपळ होते. त्यांनी जीव वाचतो असा भरवशाचा पुरावा नाही. त्या धावपळीचा वेळ रुग्णाला घोट-घोट पाणी पाजण्यात घालवा.

डेंग्यूत सर्वांत धोक्याची वेळ ताप चढलेला असताना नसते, ताप उतरताना असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग गार लागू लागतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रुग्ण खचू शकतो. हे आपल्या शहराला विशेष लागू आहे. ठेक्यावर काम करणारा माणूस एक रोजी बुडाली तरी हवालदिल होतो. ताप उतरला की तो पाचव्या दिवशी पाळीला हजर होतो, भट्टीजवळच्या उष्णतेत घाम गाळतो आणि कोसळतो. ठेकेदारांना आणि सुपरवायझरांना माझं सांगणं आहे की या मोसमात ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस त्या माणसाला घरी राहू द्या. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, शौचाला काळं होणं, खूप सुस्ती किंवा कमालीची अस्वस्थता, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी न होणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गरोदर स्त्री, तान्हं मूल, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना आधीच दाखवा.

प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या नातेवाइकांना समजावताना माझा बराच वेळ जातो. प्लेटलेट कमी होणं हा आजाराचा भाग आहे. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या साधारणपणे चढवाव्या लागत नाहीत. रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हिमॅटोक्रिट हे जास्त महत्त्वाचे. गरज नसताना रक्तपेढीवर गर्दी केली तर ज्याला खरोखर रक्तस्राव होतो आहे त्याला ताटकळावं लागतं.

डास रोखण्यासाठी घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासणं जुनं आणि खात्रीचं आहे. १९०१ मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी हवानात हेच करून त्याच डासानं पसरणारा पीतज्वर काही महिन्यांत आटोक्यात आणला. ब्राझीलनं तर अशाच मोहिमेनं देशभरातून एडिस हटवला आणि १९५८ मध्ये तो देश या डासापासून मुक्त जाहीर झाला. शेजारच्या काही देशांत काम अपुरं राहिलं होतं. पुढच्या वीसेक वर्षांत डास परत आला आणि आज ब्राझीलमध्ये डेंग्यूच्या प्रचंड साथी येतात. एवढ्या मोठ्या देशाला जे जमून गेलं आणि हातचं निसटलं, तेच आपल्या गल्लीत दर वर्षी होतं. नऊ घरं कूलर घासतात, दहावं घर कुलूपबंद असतं.

आपल्याकडे ही पाहणी करणारी माणसं आहेत. छत्तीसगडनं २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू केला. पुढे २००५ मध्ये देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यांच्या आधीचा हा प्रयोग. मितानिन म्हणजे मैत्रीण. वस्तीतलीच बाई, फार थोड्या मोबदल्यात उन्हा-पावसात दारोदार फिरणारी. तिला दारातूनच ‘आमच्याकडे सगळं साफ आहे’ सांगून परत पाठवणारी घरं, सांगायला वाईट वाटतं, आपल्या शिकल्यासवरल्या लोकांचीच अधिक आहेत. तिला आत घ्या, छतावर नेऊन टाकी दाखवा, आणि अळ्या सापडल्या तर अपमान वाटून घेऊ नका.

कुलूपबंद घराचा प्रश्न मात्र सणांशी जोडलेला आहे. डेंग्यूचा जोर नेमका पोळा, तीजा, गणपती आणि महालक्ष्म्यांच्या दिवसांत असतो. छत्तीसगढी सुना तीजाला माहेरी जातात, आपण नागपूर-भंडारा-अमरावतीची गाडी पकडतो, आणि आठ-दहा दिवस घर बंद राहतं. अळीला डास व्हायलाही तेवढेच दिवस लागतात. या वर्षी निघण्याआधी कूलर घासून पालथा घाला, बादल्या उपड्या ठेवा, टाकीचं झाकण दोरीनं बांधा, फ्रिजचा ट्रे पुसा, आणि घराची किल्ली अशा शेजाऱ्याकडे ठेवा जो मितानिन आली तर दार उघडून देईल.