दुनहुआंग: आठ लेण्यांसाठी वाळवंटापर्यंत

सह्याद्रीतली लेणी आपण मनाला येईल तशी पाहतो. आवडलं तिथे रेंगाळायचं, कंटाळा आला की पुढच्या लेण्यात, भूक लागली की ओसरीवर डबा उघडायचा. चीनच्या गान्सू प्रांतात, गोबीच्या कडेला, दुनहुआंग शहराजवळ असलेल्या मोगाओ लेण्यांत ही चैन नाही. तिथल्या कड्यात ७३५ लेणी आहेत, त्यांतल्या ४९२ लेण्यांत चित्रं आणि मूर्ती आहेत आणि नेहमीच्या तिकिटावर दाखवतात आठ. कोणती आठ, ते गाइड ठरवतो. म्हणून या भटकंतीची निम्मी तयारी घरीच करावी लागते.

सुरुवात अजिंठ्यापासून करा. पाहिलं असलं तरी पुन्हा जा आणि १७ क्रमांकाच्या लेण्यातली वेस्संतर जातकाची भिंत नीट बघून घ्या. हीच दानशूर राजपुत्राची गोष्ट मोगाओच्या ४२८ क्रमांकाच्या लेण्यात आहे, पण माणसं, पेहराव, डोंगर सगळं चिनी. दोन्हीकडे चिखल-गवताच्या गिलाव्यावरच रंग दिलेला आहे. फरक आहे तो दगडाचा. आपला काळा पाषाण छिन्नी झेलतो, त्यामुळे मूर्ती कड्यातूनच कोरता आल्या. मोगाओचा कडा म्हणजे वाळू-गोट्यांचा ठिसूळ थर. त्यात खोली खोदता येते, चेहरा कोरता येत नाही. मग लाकडाचा सांगाडा, त्यावर गवत, त्यावर माती आणि शेवटी रंग. जिथे एखाद्या मूर्तीचा हात तुटलाय तिथे आतली काडी दिसते. मला तरी अखंड मूर्तींपेक्षा हे मोडके हात जास्त बोलके वाटतात. जुन्या लेण्यांत काही आकृत्यांचे चेहरे काळेठिक्कर दिसतील. त्या तशा रंगवलेल्या नाहीत, रंगातलं शिसं काळानुसार काळं पडलंय.

जमलं तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही डोकावा. मोगाओची रेशमावरची काही चित्रं तिथे आहेत. ती पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने आणली. मोगाओतली एक छोटी खोली अकराव्या शतकात भिंत घालून बुजवली होती. १९०० मध्ये वांग युआनलू नावाच्या ताओ साधूला ती सापडली, आत हजारो हस्तलिखितं रचलेली. १९०७ मध्ये स्टाइनने आणि पुढच्या वर्षी पॉल पेलिओने साधूला चांदी देऊन गाठोडीच्या गाठोडी नेली. ८६८ सालचं छापील वज्रसूत्र त्यामुळेच आज लंडनमध्ये आहे. खोलीचा क्रमांकही १७च. उंबऱ्यावरून आत डोकावायला मिळतं. आत फारसं काही नाही, पण ही गोष्ट माहीत असेल तर तिथून पाय निघत नाही.

आता तिकीट. एप्रिल ते नोव्हेंबर गर्दीचा हंगाम. रोजची संख्या बांधलेली असते, कारण माणसांच्या श्वासातली वाफ गिलाव्यातले क्षार हलवते. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. इंग्रजी गाइडच्या फेऱ्या ठरावीक वेळीच असतात, त्या बघून वेळ निवडा. आधी शहराजवळच्या केंद्रात दोन फिल्म दाखवतात, मग बसने लेण्यांकडे नेतात. फिल्म चुकवू नका. आत प्रत्येक लेण्यात काही मिनिटंच मिळतात आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत दार बंद व्हायची वेळ येते. गाइडच्या टॉर्चजवळ उभे राहा. आत फोटो काढायला मनाई आहे. पूर्ण तिकिटं संपली की चार लेण्यांचं तिकीट मिळतं. इतक्या लांबून जाऊन त्यावर भागवू नये, शक्य असेल तर मुक्काम एक दिवस वाढवावा.

जायचं कधी? सप्टेंबर. वसंतात वाळूची वादळं, जुलैत भाजून निघाल, हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळाच, तेव्हा चीनभर सुट्टी असते. विमान सोपं पडतं. रेल्वेने जाणार असाल तर तिकिटावर दुनहुआंग आहे की लिउयुआन ते वाचा. लिउयुआन शहरापासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. चीनभर घड्याळ बीजिंगचं, आणि दुनहुआंग तर फार पश्चिमेला. त्यामुळे खरी दुपार दीडनंतर होते आणि जूनमध्ये नऊच्या सुमारास मावळतं. आपल्या सवयीने सहाला वाळूच्या टेकडीवर पोहोचलात तर भट्टीत चढाल.

ही टेकडी म्हणजे शहराला लागूनच असलेली मिंगशा. पायथ्याशी चंद्रकोरीसारखं तळं. दोन मदारींच्या उंटांची इतकी रांग लागते की त्यांच्यासाठी सिग्नल बसवलाय! वर चढायला वाळूवर शिड्या टाकलेल्या आहेत. पण शिडीवर कोंडी झाली तर थोडं बाजूने, सोंडेच्या धारेवरून चढा. दम लागेल, पण धक्काबुक्की नाही. भाड्याने मिळणारे, बुटांवर चढवायचे भगवे मोजे गबाळे दिसतात, तरी घ्या.

शाकाहाऱ्यांनी आधीच हुशार व्हावं. गावचा नावाजलेला पदार्थ म्हणजे पिवळ्या नूडल्स आणि गाढवाचं मांस. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी, हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा. खरबूज आणि द्राक्षं पोटभर खा. गुगलचा नकाशा चालत नाही. पैसेही बहुतेक ठिकाणी फोननेच देतात, तेव्हा अलिपे ॲपला कार्ड निघण्याआधीच जोडून घ्या.

एक दिवस गाडी करून पश्चिमेला यूमेन दरवाजाकडे जा, साधारण ९० किलोमीटर. दरवाजा म्हणून उरलाय तो मातीचा चौकोनी कोट. त्याच्यापाशी फार वेळ घालवू नका, पुढे हान काळातल्या तटबंदीकडे चला. गवत आणि झुडपांच्या फांद्यांचा एक थर, वाळू-खडीचा एक थर, अशी दोन हजार वर्षांपूर्वी रचलेली भिंत आहे. कुंपणाबाहेरूनही ते थर मोजता येतात. या भागाशी आपलंही एक नातं आहे: महाराष्ट्रात पुलकेशीच्या राज्यातून फिरून गेलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग मायदेशी परतला तो दुनहुआंगवरूनच. गाडी ठरवताना ड्रायव्हरशी तटबंदीचा थांबा स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर तो थेट यार्दांगच्या, म्हणजे वाऱ्याने कोरलेल्या खडकांकडे पळवतो. पाणी शहरातूनच भरा, वाटेत दुकानाचा भरवसा नाही.