तपासणीपूर्वी परतावे काय?

प्रश्न : ताप आलेल्या दोन वर्षांच्या मुलीला रात्री तातडीच्या विभागात नेले, दोन तास तिष्ठल्यावर ती झोपली, म्हणून डॉक्टरांना न भेटताच परतलो. योग्य केले काय? – एक पालक, सातारा

उत्तर : आपली व्याकुळता मी जाणतो, परंतु तेथील क्रम आगमनाचा नसून गांभीर्याचा असतो, आणि बालकाचे शरीर रक्तदाब दीर्घकाळ सावरून धरीत असल्यामुळे वरकरणी शांत दिसणारे मूलही क्वचित अकस्मात ढासळते, म्हणून ही निद्रा की ग्लानी, हे परिचारिकेकडून तपासून घेतल्याखेरीज निघणे हितावह नव्हे. जाणे अपरिहार्यच असेल, तर तशी इत्तला देऊन फेरतपासणी मागावी. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, आकडी किंवा पाणीही न पिणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.